लडाख, स्पिती की तवांग? बाइकसाठी डोंगर कसा ठरवला

हिमालयात बाइक घेऊन जायचं म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी आधी लडाखच येतं. आम्ही मात्र आधी नकाशा घेऊन बसलो आणि प्रत्येक भागाला चारच प्रश्न विचारले. रात्री किती उंचीवर झोपावं लागेल? रस्ता बंद झाला तर माघारी फिरायची वाट कोणती? दोन पेट्रोल पंपांमधलं अंतर किती? आणि पुण्याहून गाडी तिथवर न्यायची कशी? फोटो कुठे चांगले येतात हा प्रश्न मुद्दामच शेवटी ठेवला, कारण हिमालयात तो सगळीकडेच सुटतो.

ईशान्येकडचे दोन पर्याय लवकर मागे पडले. तवांगचा रस्ता सुंदर आहे. मार्च २०२४ मध्ये सेला बोगदा सुरू झाल्यापासून बर्फातही वाहतूक पूर्वीसारखी अडत नाही. पण अरुणाचलसाठी इनर लाइन परमिट काढावं लागतं आणि गाडी गुवाहाटीपर्यंत पोचवण्यातच सुट्टीचा मोठा हिस्सा जातो. उत्तर सिक्कीममध्ये ४ ऑक्टोबर २०२३ च्या तीस्तेच्या पुरानंतर चुंगथांगच्या आसपासचे रस्ते आणि पूल वाहून गेले होते, आणि परवान्यांची अट आहेच. उत्तराखंडात चारधामच्या मोसमात गर्दी, पावसाळ्यात दरडी. मुन्स्यारीची बाजू मला आवडते, पण आम्हाला उंचावरचा कोरडा, उघडा प्रदेश हवा होता. शेवटी लडाख आणि हिमाचलमधलं स्पिती उरले.

इथे उंचीचा हिशेब नीट मांडावा लागतो. शरीराला त्रास होतो तो खिंड ओलांडताना कमी आणि रात्री उंचावर झोपल्यावर जास्त. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर एक मुक्काम जास्तीचा करावा, हा सर्वमान्य नियम. मनाली साधारण २०५० मीटरवर, जिस्पा ३२०० वर, सरचू ४३०० च्या जवळ. म्हणजे मनाली-लेह रस्त्यावर दुसऱ्याच रात्री शरीराला हजार मीटरहून मोठी उडी मारायला लावतो आपण. डोकं ठणकणं, उलट्या, रात्रभर झोप नाही, हे सरचूच्या तंबूंत नेहमीचं आहे आणि त्याचं कारण हेच. सरचू टाळायचं तर जिस्पाहून लेह एका दिवसात गाठावं लागतं: तीनशेहून जास्त किलोमीटर आणि वाटेत बारालाचा, नकीला, लाचुंगला, टांगलांगला. टांगलांगला तर ५३०० मीटरच्या वर.

श्रीनगरच्या बाजूने लडाखची चढण खूपच सौम्य आहे. झोजिला ३५२८ मीटर, मग उतरून कारगिल २६७६, फोतुला ४१०८ आणि लेह ३५०० वर. लडाखला जायचंच असेल तर याच बाजूने चढावं आणि मनालीकडून उतरावं. पण जम्मू, श्रीनगर, लेह, नुब्रा, पँगाँग, मनाली, चंदीगड असा फेरा अठराशे किलोमीटरच्या वर जातो. डोंगरात ताशी २५ ते ३० किलोमीटरची सरासरी धरली तर दोन आठवड्यांच्या सुट्टीत एकही मोकळा दिवस उरत नाही, आणि मोकळा दिवस नसलेला हिमालयाचा बेत मी बेत मानतच नाही. लेहला पोचून भाड्याची गाडी घेण्याचा मार्ग आहे, पण ती लेहमधूनच घ्यावी; मनाली किंवा चंदीगडहून भाड्याने आणलेली बाइक नुब्रा-पँगाँगकडे नेऊ देत नाहीत. शिवाय लडाखमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं.

स्पितीचं गणित शिमल्याकडून फार छान जुळतं. नारकंडा २७०० मीटर, कल्पा २९०० च्या आसपास, नाको ३६००, मग टाबो ३२८० असं थोडं उतरून काझा सुमारे ३७००. प्रत्येक मुक्काम शरीराला पुढच्याची तयारी करून देतो. कल्पाला दोन रात्री राहिलं तर नाकोची उडी सोसते. नाकोत बरं वाटत नसेल तर तिथे न झोपता सरळ टाबोला उतरता येतं. काझाहून परतीचा रस्ता कुंझुम खिंडीतून, सुमारे ४५५० मीटर, पण ती दिवसा ओलांडून संध्याकाळी मनालीला उतरायचं, वर झोपायचं नाही. चंदीगड ते चंदीगड पूर्ण फेरा ११०० ते १२०० किलोमीटर. भारतीयांना परवाना लागत नाही.

याच कारणाने फेऱ्याची दिशा उलट करू नये. मनालीहून कुंझुममार्गे आलात तर पहिल्याच रात्री काझाची उंची गाठता आणि सगळ्यात वाईट रस्ता ताज्या, न सरावलेल्या हातांनी चालवता.

महिना निवडताना आम्ही सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा धरला. स्पिती पर्जन्यछायेत आहे, पण तिथे नेणारा किन्नौरचा रस्ता नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये निगुलसरीला दरड कोसळून एसटीसारखी प्रवासी बस गाडली गेली, ती याच रस्त्यावर. जून-जुलैत कुंझुमपलीकडचे नाले बर्फाच्या पाण्याने फुगलेले असतात. सप्टेंबरअखेर पाऊस ओसरतो, नाले उतरतात आणि कुंझुम सहसा उघडी असते. धोका एकच, लवकर पडणारा बर्फ. सप्टेंबर २०१८ मध्ये कुंझुमपलीकडच्या लाहौलमध्ये अचानक बर्फ पडून शेकडो लोक अडकले होते. म्हणून कुंझुम बंद झाली तर आल्या वाटेने किन्नौरमार्गे परतायला लागणारे दोन दिवस आम्ही आधीच बाजूला काढून ठेवले. दिवसांची ही शिल्लक असेल तरच स्पिती सुरक्षित.

पेट्रोल: रेकाँग पिओखाली पोवारीला टाकी भरली की पुढचा भरवशाचा पंप काझाला, दोनशे किलोमीटरवर. काझा ते मनालीही तेवढंच. ३५० सीसीची गाडी १३ लिटरच्या टाकीवर सपाटीला चारशे किलोमीटर काढते. पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या चढात लिटरला २५ धरा. तरी पुरतं. वाटेतले चंद्रताल, पिन खोरं, लांगझा-हिक्कीम असे फाटे करायचे असतील तर पाच लिटरचा धातूचा डबा, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला बांधून. मनाली-लेहवर मात्र तांडीच्या पंपानंतर तीनशेहून जास्त किलोमीटरचा हिशेब करावा लागतो आणि तिथे डबा अटळ आहे.

साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी होतो. फ्युएल इंजेक्शनची गाडी पेट्रोलचं प्रमाण आपोआप घटवते, ताकद तरी कमी होतेच. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत पेट्रोल तेवढंच आणि हवा कमी, म्हणून ती काळा धूर सोडते आणि प्लग काजळतो. एअर स्क्रू (हवेचं प्रमाण ठरवणारा) थोडा ढिला करून घ्यावा. एअर फिल्टर काढून टाकायचा सल्ला वाटेत हमखास मिळेल. तो ऐकू नये, स्पितीची पिठासारखी धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. सोबत क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल, दोन्ही लिव्हर, पुढची-मागची ट्यूब, प्लग, फ्यूज, चेन लिंक आणि हातपंप हवा.

गाडी नेण्यासाठी रेल्वे पार्सल. गोव्यातून मडगाव-चंदीगड संपर्क क्रांती थेट जाते. पुण्याहून झेलम एक्सप्रेस अंबाल्यावरून जाते. आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती, टाकी पूर्ण रिकामी, आरसे काढलेले, इंडिकेटर आणि टाकी गोणपाटाने गुंडाळलेली. पार्सल आपल्याच गाडीतून येईल असं धरू नका, डब्यात जागा नसेल तर मागे राहतं. दोन-तीन दिवस आधी पाठवावं. पोचल्यावर उशिरा सोडवलं तर दंड बसतो. टाकीत थेंबही नसतो, त्यामुळे स्टेशनजवळचा पंप आधीच बघून ठेवावा.

राहिला कुंझुम उतरल्यावरचा, मनालीच्या वाटेवरचा बातल ते ग्राम्फूचा पट्टा, सुमारे पन्नास किलोमीटर. रस्ता म्हणजे नदीपात्रातले गोटे, चार-पाच तास सहज जातात. काझाहून पहाटे निघायचं ते यासाठी, कारण ऊन चढलं की हिमनदी वितळते आणि सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी गुडघ्याच्या वर येतो. नाल्याशी थांबून आधी एक जीप जाऊ द्या आणि तिची चाकं कुठे बुडतात ते बघा. गढूळ पाण्यात तळ दिसत नसेल तर काठीने चाचपा. मग पहिला गिअर, ॲक्सिलरेटर एकसारखा, नजर पलीकडच्या काठावर. क्लच अर्धवट दाबून ठेवू नका, प्लेट जळते. मध्येच ॲक्सिलरेटर सोडू नका, सायलेन्सरमधून पाणी आत येतं. मागे बसणाऱ्याने चालत यायचं. गाडी आडवी झालीच तर पहिलं काम किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण), आणि पाणी आत गेल्याची शंका असेल तर प्लग काढून इंजिन फिरवल्याशिवाय स्टार्ट करायचा नाही.

कुंझुम उघडी आहे का, हे आदल्या संध्याकाळी काझाच्या टॅक्सी स्टँडवर, त्या दिवशी मनालीहून आलेल्या चालकाला विचारायचं. तो नाही म्हणाला तर सकाळी किन्नौरचा रस्ता धरायचा.