बिनपगारी आवाज

गेली सहा वर्षे मी बेळगावातील एका सामुदायिक रेडिओ केंद्रावर दर गुरुवारी संध्याकाळी एक तासाचा मराठी कार्यक्रम सादर करते. दिवसा मी प्राथमिक शाळेत शिकवते. रेडिओच्या कामाचे मला मानधन मिळत नाही आणि माझ्याबरोबरच्या बहुतेकांनाही ते मिळत नाही. परवा एका लग्नात एका ओळखीच्या काकूंनी, "तुझा तो रेडिओचा छंद चालू आहे ना अजून?" असे आपुलकीने विचारले. प्रश्न साधा होता, परंतु 'छंद' हा शब्द मनात घर करून राहिला. त्या एका तासाच्या मागे किती जणांचे किती काम असते, हे म्हणूनच आज लिहायला बसले आहे.

रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. त्यानंतर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना व कृषी विज्ञान केंद्रांना स्वतःचे केंद्र चालवण्याची वाट मोकळी झाली. आपल्या कर्नाटकात कोलार जिल्ह्यातील बुदिकोटे गावाने तर परवाना मिळण्याची वाट न पाहता 'नम्म ध्वनी' (आपला आवाज) ही आपली रेडिओसेवा केबलच्या तारेवरून घरोघरी पोहोचवली होती. सीमेपलीकडे माणदेशातील म्हसवड आणि जत तालुक्यातील जालिहाळ येथील केंद्रेही आमच्यासारखीच गावच्या माणसांच्या जिवावर उभी राहिली. अमेरिकेत बर्कले येथे १९४९ मध्ये सुरू झालेले केपीएफए हे केंद्र श्रोत्यांच्या वर्गणीवर चालते, आणि तेथेही माइकपुढे बसणाऱ्यांत स्वयंसेवकांची परंपरा जुनी आहे. पैसा कोठून का येईना, ठरलेल्या वेळी येऊन माइक सुरू करणारे माणूस लागतेच.

आमच्या प्रकारच्या केंद्राची प्रक्षेपणशक्ती साधारणपणे १०० वॅटपर्यंत असते आणि मनोरा ३० मीटरच्या आत ठेवावा लागतो, त्यामुळे आवाज दहा-पंधरा किलोमीटरच्या पुढे जात नाही. येळ्ळूर, उचगाव, सांबरा ऐकतात. खानापूर आणि निपाणी ऐकत नाहीत. राजहंसगडाच्या पलीकडच्या उतारावर तर नुसती खरखर येते. अनेकांना हे उणेपण वाटते, मला ते बळ वाटते. ज्या बाईला मी सकाळी बाजारात रताळी घेताना भेटते, तीच संध्याकाळी माझे ऐकत असते, आणि एखाद्या गावाचे नाव चुकले तर दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी उभी राहून सांगते. इतक्या जवळच्या श्रोत्यापुढे तयारी न करता बसताच येत नाही.

तयारी म्हणजे काय, ते एका उदाहरणावरून सांगते. गेल्या श्रावणात जात्यावरच्या ओव्यांचा कार्यक्रम करायचे ठरवून मी आणि ध्वनिमुद्रण सांभाळणारा कॉलेजचा एक मुलगा येळ्ळूरकडच्या एका आजींच्या घरी गेलो. आजी गायला बसल्या, पण दोन ओळींपुढे शब्द सुचेनात, कारण हातात खुंटा नव्हता. माळ्यावरचे जाते खाली काढले. रिकामे जाते फिरवताच दगडावर दगड असा घासू लागला की शब्दच ऐकू येईनात. मग मूठमूठ जोंधळा घातल्यावर तो आवाज खाली बसला, खर्जात गेला आणि आजींचा गळा त्याच्यावर स्वच्छ तरंगू लागला. तोवर हेडफोन लावलेल्या मुलाने हात वर केला, कारण आता काकणे वाजत होती. मी संकोचत विचारताच आजी म्हणाल्या, "काकणं काढून गाईन व्हय गं पोरी मी?" शेवटी त्यांच्या मनगटाला, काकणांवरून, दोन ओले हातरुमाल गुंडाळले. दुपारी दोनला गेलेलो आम्ही दिवेलागणीला निघालो आणि हाती अकरा मिनिटांचे ध्वनिमुद्रण आले. त्याची काटछाट, मधले निवेदन आणि क्रम लावण्यात आणखी दोन रात्री गेल्या.

हा मुलगा गाणीही लावतो. त्याला बाहेर कोठे डीजे म्हटले जात असेल, पण आमच्याकडे डीजे म्हणजे मिरवणुकीत छातीत धडकी भरवणारी ध्वनिक्षेपकांची भिंत, म्हणून केंद्रावर तो शब्द कोणी वापरत नाही. गाण्यांची निवड हे किती विचाराचे काम आहे, हे मी त्याच्याकडून शिकले. चित्रपटगीतांसाठी हक्कधारकांची परवानगी आणि शुल्क यांचा प्रश्न येतो, म्हणून तो गावोगावच्या भजनी मंडळांची ध्वनिमुद्रणे करतो आणि अभंगानंतर एकदम ढोलाचा दणका येऊ नये यासाठी मध्ये बासरीचा एखादा तुकडा ठेवतो. ऐकणाऱ्याला हे जाणवतही नाही, आणि जाणवू नये हेच त्याचे कौशल्य आहे.

वडगावचे एक विणकर मामा शनिवारी कामगारांसाठी अर्धा तास बोलतात. चाळीस वर्षे यंत्रमागाच्या खडखडाटात ओरडून बोलण्याची सवय लागल्याने पहिल्या दिवशी त्यांच्या 'नमस्कार'ने ध्वनिमिक्सरवरचा आवाजाची पातळी दाखवणारा काटा लाल पट्टीत जाऊन आदळला. आम्ही फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारा सरकता दांडा, खाली घेतला, पण त्याने आवाज लहान झाला, ओरडणे तसेच राहिले. मग त्यांच्या कानाला हेडफोन लावला. आपलाच आवाज इतक्या जवळून त्यांनी प्रथमच ऐकला आणि ते आपोआप हळू बोलू लागले. आता त्यांच्याइतके सावकाश, कानाशी बोलल्यासारखे कोणीच बोलत नाही. माइक एक वीत अंतरावर, किंचित तिरका ठेवायचा, म्हणजे 'प' आणि 'भ' फुटत नाहीत, हे आज नव्या मुलांना तेच शिकवतात.

नियमांप्रमाणे आम्हाला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. पाणीपुरवठा, वीज, पूर, साथीचे रोग यांविषयी प्रशासनाकडून आलेल्या सूचना मात्र देता येतात, आणि पावसाळ्यात त्याच सर्वांत काळजीपूर्वक ऐकल्या जातात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मार्कंडेय आणि घटप्रभेच्या पुराने या जिल्ह्याचे काय केले ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अशा वेळी नेमके, शांत आणि दोन्ही भाषांत सांगणाऱ्या आवाजाची किंमत समजावून द्यावी लागत नाही. माझ्यानंतरचा तास कन्नडचा असतो. भाषेवरून बाहेर वातावरण तापलेले असते तेव्हाही तो तास सांभाळणारे अण्णा ठरल्या वेळेच्या आधी दहा मिनिटे येऊन काचेपलीकडे उभे राहतात, मी त्यांच्या कार्यक्रमाचे नाव कन्नडमध्ये सांगते आणि ते मला मराठीत निरोप देतात. हे आम्हाला कोणी शिकवलेले नाही.

एक गोष्ट मात्र मनाला खूप लागते. प्रसारित कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवणे नियमाने बंधनकारक आहे. त्यापुढचे जागेवर अवलंबून असते. मागे एकदा आमच्या संगणकात जागा उरली नाही म्हणून जुने कार्यक्रम काढून टाकले गेले आणि त्यात एका बिडी कामगार बाईंची दीर्घ मुलाखत कायमची गेली. त्यांच्या मुलीने ती मागितली तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून मी आणि तो मुलगा दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी बसून सर्व कार्यक्रम दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवतो आणि वहीत गाव, तारीख, गाणाऱ्याचे नाव व मिनिटे लिहितो. एक डिस्क त्याच्या घरी असते, दुसरी माझ्या कपाटात, आजींच्या ओव्यांसकट. येत्या रविवारी श्रावणातला उरलेला भाग उतरवायचा आहे, आणि त्याआधी आजींच्या नातवाला त्यांच्या ओव्यांची प्रत द्यायला येळ्ळूरला जायचे आहे.