चवथीच्या भेटी: सहा हजार रुपये, अठरा घरं

चवथीला, म्हणजे आमच्या गोव्याच्या गणेश चतुर्थीला, भेट द्यायची घरं अठरा आणि हातात रुपये 6000. सरळ भागाकार केला तर घराला 333 रुपये येतात, आणि गाडी तिथेच चुकते. सगळ्यांना सारखं द्यायचं ठरलं की एकाच दुकानातून मिठाईची अठरा खोकी उचलली जातात. त्यांतली निम्मी न उघडताच पुढच्या घरी जातात.

म्हणून मी आधी तीन गट पाडते. माहेर, सासरचं मूळ घर, नणंद आणि जिथे यंदा नवी सून आलीय ते घर, अशा चार घरांना 600 रुपये. नऊ घरांना 250 आणि वाड्यावरच्या पाच घरांना 100. बेरीज 5150 होते. उरलेले 850 बरण्या, गॅस, रिक्षा आणि ऐन वेळी आठवलेल्या एकोणिसाव्या घरासाठी. ते घर दरवर्षी असतंच.

प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी लिहायच्या: या घरात दर महिन्याला काय संपतं, आणि काय चालत नाही. मधुमेह आहे का, दात आहेत का, परसात नारळ आहे का. वर्ष पाळणाऱ्या घरात सणाचं गोड करत नाहीत. बाहेरून दिलेलं चालतं का, ते फोन करून विचारावं; बहुतेक घरांत चालतं आणि तिथे डबा सर्वांत आधी पोचवावा. शोभेच्या वस्तू यादीत ठेवू नयेत. गोव्याच्या दमट हवेत दुसऱ्या पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते आणि पुसायचं काम मात्र घरच्या बाईला लागतं.

पैसे कधी हातात येतात तेही कॅलेंडरशी ताडून बघावं. 2024 साली चवथ 7 सप्टेंबरला होती, 2025 साली 27 ऑगस्टला, आणि 2026 साली अधिक ज्येष्ठामुळे ती 14 सप्टेंबरला सरकली. 27 ऑगस्ट म्हणजे महिनाअखेर, पगार व्हायच्या आधी. अशा वर्षी सगळी खरेदी शेवटच्या आठवड्यावर टाकली तर उसनवारी आलीच. त्यामुळे निम्मा खर्च मे महिन्यात उरकून टाकते, पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायच्या सामानाबरोबरच.

मे महिन्यातली माझी मुख्य खरेदी म्हणजे सोलां, अर्थात आमसुलं. भिरंडं (कोकमाची फळं) एप्रिल-मेमध्ये पिकतात. बिया काढून टाकलेल्या साली मीठ घातलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेताना सोल बोटाने दुमडून बघायचं. नवं सोल वाकतं आणि काळपट जांभळं दिसतं. जुनं कडक, कोळशासारखं काळं. वर मिठाचे पांढरे खडे दिसत असतील तर वजनात मीठ विकत घेताय असं समजा. खात्री हवी तर एक सोल अर्धी वाटी पाण्यात पंधरा मिनिटं टाकायचं. पाण्याला लालसर जांभळा रंग आला तर सोलकढी गुलाबी होईल, तपकिरी आला तर फक्त आंबट होईल. मधल्या नऊ घरांना पाव-पाव किलो म्हणजे सव्वादोन किलो. मी अडीच घेते.

पुढचे तीन महिने ती सांभाळणं हे खरं काम. मीठ हवेतलं पाणी ओढतं. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या सोलांना जुलैत पाणी सुटतं, ती चिकट होतात आणि कुबट वास मारतात. म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आधी दोन कडक उन्हं द्यायची, सावलीत पूर्ण गार करायची आणि चिनी मातीच्या बरणीत तळाला मिठाचा थर देऊन भरायची. गरम भरली तर आत घाम धरतो. ओला हात एकदाही नको. भेटीच्या बरण्यांत चवथीच्या आठवड्यातच काढायची. काचेच्या बरणीला पत्र्याचं झाकण असेल तर आंबटपणा आणि मीठ मिळून ते आतून गंजतं, म्हणून झाकणाखाली बटर पेपर दुहेरी घालावा. धुऊन ठेवलेल्या जॅमच्या बरण्या चालतात. लोणच्याच्या नकोत, कितीही घासल्या तरी वास जात नाही.

वयस्कर माणसांना सोलांबरोबर भिरंडेलाचा छोटा गोळा. भिरंडाच्या बियांचं हे तेल घरात घट्टच राहतं. भेगाळलेल्या टाचांना रात्री कोमट करून चोळायचं. 50 ग्रॅमचा गोळा अख्खा हिवाळा पुरतो.

काजू 600 रुपयांच्या चार घरांसाठीच. गोव्याच्या काजूला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण दुकानातला प्रत्येक काजू इथलाच असतो असं नाही, विचारून घ्यावं. पाकिटावर डब्ल्यू 180, डब्ल्यू 240, डब्ल्यू 320 असे आकडे असतात. एका पौंडात, म्हणजे 454 ग्रॅममध्ये, साधारण किती गर बसतात तो हा आकडा. पाव किलोत 180चे सुमारे शंभर गर येतात, 320चे पावणेदोनशे. पाच-सहा माणसांच्या घरात चव तीच आणि वाटे जास्त, म्हणून 320 घ्यावेत. मोठ्या काजूचा रुबाब पाहुण्यांपुढे ठेवायला ठीक. स्वतःच्या लाडवांना अख्खे काजू वापरणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी, तिथे पाकळ्याच.

आता नेवऱ्या, म्हणजे करंज्या. मधल्या नऊ घरांना सात-सात म्हणजे 63, वाड्यावरच्या पाच घरांना पाच-पाच म्हणजे 25. एकूण 88. मी 100 चं माप धरते. नैवेद्याच्या नेवऱ्या आधी बाजूला निघतात, आणि फुटलेल्यांचा हिशेब कोणी विचारत नाही.

अर्धा किलो मैद्याच्या पन्नास होतात, म्हणून दोन घाण्यांत करायच्या. एका घाण्याला मैदा 500 ग्रॅम, बारीक रवा 50, कडकडीत तुपाचं मोहन 60 ग्रॅम, चिमूट मीठ आणि साधारण 220 मिली पाणी; पाणी थोडं थोडं घालावं, मैद्याप्रमाणे कमी-जास्त होतं. पीठ घट्ट मळून अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवायचं. सारण 600 ग्रॅम: किसून मंद भाजलेलं सुकं खोबरं 300, पिठीसाखर 200, भाजलेला रवा 60, तीळ 40, वेलची. खोबरं आणि रवा पूर्ण गार झाल्यावरच साखर मिसळायची, नाहीतर साखर ओलसर होऊन गोळे धरते. घरी लगेच खायच्या असतील तर ओल्या खोबऱ्या-गुळाचं चून कितीतरी चांगलं, पण ते दोन दिवसांत आंबतं. द्यायच्या नेवऱ्यांना सुकंच सारण.

नैवेद्याचं चाखून बघता येत नाही, म्हणून इथे वजनकाटा लागतो. अंदाजाने केलं की एक घाणा अगोड आणि दुसरा घशात बसणारा होतो.

16 ग्रॅमची गोळी, 12 ग्रॅम सारण. गोळ्या आणि लाटलेल्या पाऱ्या झाकून ठेवायच्या. कडा सुकली की ती चिकटत नाही. सारणाचा एक कण जरी कडेवर राहिला तरी तिथून नेवरी तेलात उघडते, साखर जळते आणि पुढच्या सगळ्या नेवऱ्यांवर काळे ठिपके बसतात. अशा वेळी तेल गाळून घ्यायचं, तसंच पुढे रेटायचं नाही. तेल मध्यम तापलेलं हवं: पिठाचा तुकडा टाकला तर दोन क्षण थांबून वर यावा. टाकताक्षणी वर आला तर नेवरीला फोड येतात, रंग पटकन चढतो, आतलं पीठ कच्चं राहतं आणि दुसऱ्या दिवशी ती मऊ पडते. लोक पावसाळी हवेला दोष देतात. बरेचदा दोष आंचेचा असतो. एका वेळी सहा, प्रत्येक खेपेला पाच मिनिटं, म्हणजे शंभराला दीड तास नुसता तळायलाच. नंतर तीन तास चाळणीवर उघड्या. कोमट असताना डब्यात गेल्या तर वाफेने नरम पडल्याच. वर्तमानपत्राचा कागद तळाला नको, त्याची शाई तेलात उतरते.

काही भेटी जवळजवळ फुकटात होतात आणि त्यांचंच कौतुक जास्त होतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीचं) सामान मिळवणं कठीण जातं, आणि चवथीच्या आदल्या दोन दिवसांत बाजारभाव डोक्यावर जातो. आपल्या परसातलं सुपारीचं शिपटं (घड), चार नारळ किंवा एक तोरिंग (लिंबाच्या जातीचं मोठं फळ) त्यांना दोन दिवस आधी नेऊन द्यावं. माटोळी आदल्या दिवशी बांधतात, सकाळी पोचून उपयोग नाही. तसंच पातोळ्यांचं, म्हणजे हळदीच्या पानात उकडायच्या गोड पदार्थाचं: हळदीची बारा पानं, माडाच्या गुळाची एक ढेप, तांदळाचं पीठ. ख्रिश्चन शेजाऱ्यांकडे पातोळ्या 15 ऑगस्टला होतात, त्यामुळे त्यांना हा संच 13 तारखेला. पानं सकाळी कापून ओल्या फडक्यात गुंडाळली की दोन दिवस टिकतात. माडाच्या गुळाला पावसात पाझर फुटतो, तो वेगळा घट्ट डब्यात द्यावा, पिठाला लागू देऊ नये.

आजी-आजोबांना जुना फोटो मोठा करून देणार असाल तर व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा आलेला फोटो छापायला नेऊ नका. तिथे तो दाबून लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून मागवा. चार बाय सहा इंचाच्या चांगल्या प्रतीला 1200 बाय 1800 पिक्सेल पुरतात, आठ बाय दहाला 2400 बाय 3000 लागतात. फ्रेम करताना फोटो आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट घालायला सांगा, नाहीतर पावसाळ्यात फोटो काचेला चिकटतो आणि सोडवताना सोलला जातो.

पहिल्या चवथीचं वजें, म्हणजे लग्न झालेल्या मुलीच्या सासरी माहेरून पाठवायची भेट, हा वेगळा खर्च. 600 रुपयांत ते बसत नाही आणि ओढून बसवूही नये. भावंडांनी वाटून घ्यावं: एकाकडे फळं आणि नारळ, एकाकडे लाडू-नेवऱ्या, एकाकडे साडी. किती नेवऱ्या पाठवायच्या ते मुलीला आधी विचारावं. सासरचं घर पाच माणसांचं असताना दीडशे नेवऱ्या पाठवल्या तर त्या वाटत फिरायचं काम तिच्याच गळ्यात पडतं.

राहिला डब्यांचा प्रश्न. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, त्यामुळे तो घरी यायला कधी कधी दिवाळी उजाडते. म्हणून आपले चांगले स्टीलचे डबे वाड्यावरच, लांबच्या घरांना बरणी किंवा बाजारात मिळणारी बांबूची लहान पांटली (टोपली) आणि आत केळीचं पान. पान विस्तवावर फिरवून मऊ करून घ्यावं, नाहीतर दुमडताना चिरतं. डब्याच्या तळाला नावाची पट्टी चिकटवायची ती मार्करने लिहून, वर पारदर्शक टेप लावून. नुसत्या पेनाची शाई पहिल्याच घासणीत जाते.