अस्वलाला डायबेटिस का होत नाही?

"डॉक्टर, अस्वल एवढं जाड होतं, मग महिनोनमहिने पडून राहतं, तरी त्याला डायबेटिस कसा होत नाही?" संप्रेरकांवर, म्हणजे हार्मोन्सवर, कुठेही बोलायला गेले की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या घरात बहुतेक वेळा कुणाला तरी शुगर असते. पाठोपाठ दुसराही प्रश्न येतो: अस्वलासारखं उपाशी राहिलं तर आपली शुगर जाईल का? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण सभागृहात दोन मिनिटांत याला न्याय देता येत नाही.

पहिली गोष्ट, अस्वलाच्या शरीरात मधुमेहाची अर्धी गोष्ट दरवर्षी घडते. हिवाळ्यात त्याच्या पेशी इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर आत घ्या असं सांगणाऱ्या संप्रेरकाला, दाद देत नाहीत. टाइप 2 मधुमेहाची सुरुवात आपल्यातही अशीच होते. पण अस्वलाची रक्तशर्करा तेव्हाही ताळ्यावर राहते आणि वसंतात पेशी पुन्हा इन्सुलिनचं ऐकू लागतात. आपल्याकडे हे परतणं आपोआप होत नाही. माझ्या मते सगळं मर्म या परतण्यात आहे.

हे कळलं कसं? अमेरिकेत पुलमन इथे वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीचं अस्वल केंद्र 1986 पासून आहे. तिथली ग्रिझली, म्हणजे उत्तर अमेरिकेतली तपकिरी अस्वलं, भूल न देता पाय पुढे करून रक्त देतात. तसं त्यांना शिकवलेलं आहे. त्यामुळे एकाच अस्वलाचे वर्षभराचे नमुने मिळतात. 2017 साली तिथल्या संशोधकांनी चरबीतून निघणाऱ्या संप्रेरकांचा वर्षभराचा आलेख मांडला. मी विद्यार्थ्यांना सर्वांत आवडीने शिकवते तो भाग त्यातलाच.

चरबी म्हणजे नुसती धान्याची कणगी नव्हे, ती ग्रंथीसारखी संप्रेरकंही बनवते. त्यातलं लेप्टिन 1994 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. साठा पुरेसा आहे, आता खाणं आवर, असा निरोप ते मेंदूला देतं. तेव्हा वाटलं होतं, लठ्ठपणावर औषध सापडलं! पण लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन मुळातच भरपूर असतं, मेंदू ते मनावर घेत नाही.

पुलमनच्या संशोधकांनी लेप्टिन थेट अस्वलांच्या मेंदूत सोडून पाहिलं. ऑगस्टमध्ये काहीच फरक पडला नाही, अस्वलं खातच राहिली. ऑक्टोबरमध्ये तेच लेप्टिन दिल्यावर त्यांचं खाणं कमी झालं. विचार केला तर हे किती नेमकं आहे! ऑगस्टमध्ये मेंदूने लेप्टिनचं ऐकलं असतं तर चरबी साठलीच नसती आणि हिवाळा निभला नसता. ऑक्टोबरच्या मध्यावर चरबीही भरलेली असते आणि तिच्या संप्रेरकांची पातळीही वर्षातली सर्वांत जास्त असते. शीतनिद्रेतल्या अस्वलांच्या हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या भूक सांभाळणाऱ्या भागात, लेप्टिनच्या संदेशाची खूण ठळक दिसली, जागत्या अस्वलांत ती जवळजवळ नव्हतीच.

मग हिवाळ्यात इन्सुलिनला दाद न देण्यात काय फायदा? इन्सुलिन चरबीचं विघटन रोखतं. सहा-सहा महिने अन्नपाण्याविना काढायचे तर चरबी सतत सुटी होत राहायला हवी. ती होते याचा पुरावा म्हणजे चरबी फुटली की रक्तात येणारं ग्लिसरॉल, ते शीतनिद्रेतच सर्वाधिक असतं. आपण ज्याला बिघाड म्हणतो ती इथे गरजेची व्यवस्था आहे.

चरबीचा शब्द अस्वलात फार दूरवर चालतो. मादीचं मीलन उन्हाळ्याच्या सुरुवातीला होतं, पण गर्भ गर्भाशयात रुजायला थेट हिवाळ्याच्या तोंडावर सुरुवात होते. शरद ऋतूत अंगावर साधारण 20 टक्के चरबी नसेल तर मीलन होऊनही पिल्लं होत नाहीत.

इथे एक सावधगिरी. 2014 मध्ये 'सेल मेटाबॉलिझम' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला होता, जाड झालेल्या ग्रिझलींची इन्सुलिनबाबतची संवेदनशीलता उलट वाढते असं सांगणारा. तो खूप गाजला. पुढच्याच वर्षी तो मागे घेतला गेला, कारण एका लेखकाने आकडे बदलल्याचं चौकशीत निघालं. अजूनही फॉरवर्ड झालेल्या मजकुरांत तो फिरताना दिसतो आणि मला त्याचा मनापासून राग येतो. रुग्ण असल्या मजकुरावर विश्वास ठेवून गोळ्या बंद करतात.

त्या निबंधाशिवायही हाती जे आहे ते कमी नाही. 2017 च्याच अभ्यासात शीतनिद्रेतल्या अस्वलांच्या चरबीच्या पेशी काचपात्रात वाढवल्या. हिवाळ्यातल्या रक्ताचं सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा पातळ भाग) घातलं तेव्हा त्यांनी इन्सुलिनला दाद दिली नाही, जागेपणीच्या सीरममध्ये ठेवल्यावर मात्र त्या ऐकू लागल्या. ते सीरम आधी तापवलं तर हा परिणाम बराचसा नाहीसा झाला. म्हणजे पेशी बिघडलेल्या नव्हत्या, रक्तातून येणारा निरोप बदलत होता. आणि तो उष्णतेने बिघडतो, प्रथिनंही तशीच बिघडतात, तेव्हा संशय प्रथिनांवर. 2019 मध्ये जनुकांची तपासणी झाली तेव्हाही ऋतूनुसार सर्वांत मोठी उलथापालथ चरबीत दिसली, स्नायूंमध्ये सर्वांत कमी.

पुढे शीतनिद्रेतल्या अस्वलांचा उपास मोडला तर काय होतं ते पाहायला त्यांना दोन आठवडे मधाचं पाणी पाजून त्यांचं रक्त तपासलं गेलं आणि 2022 मध्ये या अदलाबदलीमागे असू शकतील अशी आठ प्रथिनं समोर आली.

आता तुमचा दुसरा प्रश्न. नाही, अस्वलाचं पाहून उपास धरू नका. त्याच्या उपासामागे उन्हाळ्यापासूनची तयारी असते: मेंदू, चरबी, रक्तातली प्रथिनं, सगळं एकत्र बदललेलं असतं. आपण फक्त जेवण बंद करतो. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना असं केलं तर शुगर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. उपास करायचाच असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोलून औषधाचे डोस ठरवून घ्या. आणि घरातल्या जाड माणसाला "अस्वलासारखा खातोस" म्हणणंही थांबवा. त्याच्या चरबीचा निरोप त्याचा मेंदू मनावर घेत नसेल, तर तो दोष त्याच्या स्वभावाचा नाही.

"मग यावर गोळी कधी येणार?" असंही विचारलं जातं. आज अशी गोळी नाही. पण त्या आठही प्रथिनांची भावंडं माणसाच्या शरीरात आहेत, ती एकट्या अस्वलाची मालमत्ता नाहीत. म्हणून मला हे काम इतकं महत्त्वाचं वाटतं. त्यातलं कोणतं प्रथिन पेशीला परत इन्सुलिनकडे वळवतं, एकटं की इतरांच्या साथीने, हे शोधणं हा पुढचा टप्पा आहे.