तुम्ही विचारलंत म्हणून: मध्य युरोपात कोणत्या राजधान्या?

युरोपची तिकिटं काढायचं ठरलं की ओळखीतले लोक मला हटकून एक प्रश्न विचारतात. दहा-बारा दिवस आहेत, मध्य युरोपात कुठले देश घ्यावेत? प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट तर हवंच. ब्रातिस्लाव्हा वाटेतच आहे. मग वॉर्सा, ल्युब्लियाना आणि झाग्रेब पण बसेल ना?

बसवायला काय, बसतं. नकाशावर सगळं बोटभर अंतरावर दिसतं आणि गाड्याही चांगल्या आहेत. प्राग ते व्हिएन्ना चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीनच्या आसपास, व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा जेमतेम तासभर. पण शहर बदलायचं म्हणजे नुसता गाडीतला वेळ धरून चालत नाही. सकाळी बॅगा भरा, हॉटेल सोडा, स्टेशन गाठा, नव्या गावात उतरून दुपारी तीनपर्यंत खोली मिळायची वाट बघा. दर वेळी अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. बारा दिवसांत सात राजधान्या केल्यात तर तीन दिवस बॅगांच्या सेवेत जाणार. देश मोजायचा नाद ज्यांना आहे त्यांनी खुशाल मोजावेत, फक्त सल्ला माझ्याकडे मागू नये.

माझं उत्तर ठरलेलं आहे: व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट. दिवस पुरत असतील तर आधी प्राग. ही शहरं जवळजवळ आहेत हे झालंच, पण खरी गंमत अशी की एका शहरात पाहिलेल्या गोष्टीचा उलगडा दुसऱ्या शहरात होतो. मी लोकांना सांगतो, एक माणूस धरा आणि त्याच्या मागोमाग फिरा. माझ्या यादीत ती मारिया थेरेसा आहे. ऑस्ट्रिया, हंगेरी आणि प्रागभोवतीच्या बोहेमियावर हॅब्सबर्ग घराण्याचं राज्य होतं, १७४० ते १७८० अशी चाळीस वर्षं त्याचा कारभार हाकणारी ही बाई. मारी आंत्वानेतची आई म्हटलं की बहुतेकांना पटकन लक्षात येतं.

व्हिएन्नात ती चुकवू म्हटलं तरी चुकत नाही. कलेतिहासाचं आणि निसर्गेतिहासाचं अशी दोन जुळी संग्रहालयं समोरासमोर आहेत, त्यांच्या मधल्या चौकात १८८८ सालचा तिचा भव्य पुतळा आहे. ती सिंहासनावर बसलेली, खाली चार कोपऱ्यांना चार घोडेस्वार सेनापती. तिच्या हातात एक कागद आहे, तो नीट बघा. मुलीलाही वारसा मिळावा म्हणून तिच्या वडिलांनी, सहाव्या चार्ल्सनं, १७१३ साली काढलेलं फर्मान आहे ते. वडील गेल्यावर शेजारच्या राजांनी ते धाब्यावर बसवलं आणि आठ वर्षं युद्ध पेटलं. खालच्या मंडळींत हायडन आणि ग्लुक या संगीतकारांबरोबर पोरवयातला मोझार्टही सापडतो. मुलं बरोबर असतील तर त्यांना तो शोधायला लावा, तेवढीच तुम्हाला पाच मिनिटं शांतता.

तिथून ब्रातिस्लाव्हा. उन्हाळ्यात बोटीनंही जाता येतं. लोक हे शहर व्हिएन्नाहून दुपारपुरतं उरकतात आणि ‘त्यात काय आहे’ म्हणतात. एक रात्र राहा, दिवसभराचे पर्यटक संध्याकाळी परत गेले की जुनं गाव तुमचंच. आजच्या स्वतंत्र स्लोव्हाकियाची राजधानी ते १९९३ साली झालं, चेकोस्लोव्हाकिया दुभंगल्यावर. पण त्याआधी कित्येक वर्षं ते हंगेरीची राजधानी होतं! ओटोमन तुर्कांनी १५४१ साली बुडा, म्हणजे आजच्या बुडापेस्टचा एक भाग असलेली तेव्हाची राजधानी, जिंकलं आणि हंगेरीचे राज्याभिषेक इथल्या सेंट मार्टिनच्या चर्चमध्ये होऊ लागले, ते थेट १८३० पर्यंत. मारिया थेरेसाचा झाला १७४१ साली. चर्चच्या मनोऱ्यावर टोकाला क्रूस असेल असं वाटतं, पण तिथे सोनेरी मुकुट आहे. आणि त्याच चर्चला जवळजवळ खेटून भरधाव हमरस्ता जातो. १९७२ साली नदीवर नवा पूल झाला, त्याच्या रस्त्यासाठी जुन्या ज्यू वस्तीचा मोठा भाग पाडला, सिनेगॉगसकट. कठड्याशी उभं राहिलं की एका कानात चर्चची घंटा आणि दुसऱ्या कानात ट्रक. राणीचा एक संगमरवरी पुतळाही इथे नदीकाठी होता, १८९७ सालचा. १९२१ साली चेकोस्लोव्हाक लीजनच्या, म्हणजे पहिल्या महायुद्धात लढलेल्या स्वयंसेवक दलाच्या, लोकांनी तो फोडला.

मग बुडापेस्ट. ज्या मुकुटानं ब्रातिस्लाव्हात राज्याभिषेक व्हायचे तो सेंट स्टीफनचा मुकुट आता इथल्या संसदेत ठेवलेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तो अमेरिकेत फोर्ट नॉक्सच्या तिजोरीत होता, १९७८ मध्ये परत आला. संसदेचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा, आयत्या वेळी मिळेलच असं नाही. नंतर हीरोज स्क्वेअर. तिथल्या कमानीत हंगेरीच्या राजांचे पुतळे ओळीनं आहेत. एके काळी त्यांत पाच हॅब्सबर्ग होते, मारिया थेरेसासुद्धा. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्या जागी राकोत्सी, कोशुट अशी हॅब्सबर्गांशी झुंजलेली माणसं आली. व्हिएन्नातला तो चौक पाहून इथे आलात तर या पाच जागा पाहताना वेगळंच वाटतं. थेट इथेच उतरलात तर मिशाळ पुरुषांची रांग, फोटो, पुढे चला.

प्राग आधी घ्या म्हणालो तेही याच हिशेबानं. तिथल्या सरदारांनी १७४१ साली तिला डावलून बव्हेरियाच्या शासकाला राजा म्हणून मान्यता दिली होती. दोन वर्षांनी तिचा राज्याभिषेक झाला खरा, पण पुतळा उभा राहिला २०२० साली, किल्ल्यापासून जवळच्या एका बागेत, अगदी साध्या, जवळजवळ अमूर्त आकाराचा. त्यासाठी वाकडी वाट करा असं मी म्हणणार नाही. प्रागला उतरून बुडापेस्टहून परतीचं विमान धरलं तर मागे फिरावं लागत नाही, एवढं मात्र बघा.

बाकीच्यांचं काय? ल्युब्लियाना मला या सगळ्यांत जास्त आवडतं, तरी मी ते या यादीत घालत नाही. व्हिएन्नाहून सहा तास लागतात. ते झाग्रेबला जोडून, पुढे समुद्रापर्यंत करावं. पोलंडला स्वतंत्र वेळ द्या, आणि तिथे राजधानीचाच हट्ट नको. वॉर्साचं जुनं शहर १९४४ नंतर ढिगाऱ्यातून पुन्हा बांधलेलं, त्यासाठी बेलोत्तोची अठराव्या शतकातली चित्रं वापरली. ते बघण्यासारखंच आहे, पण मूळ जुनं पोलंड हवं असेल तर क्राकोव्ह.

व्हिसाचं म्हणाल तर माझ्या यादीतल्या शहरांचे चारही देश शेंगेनमध्ये आहेत, एकच व्हिसा पुरतो. अर्ज जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. दिवस सारखे असतील तर जिथे आधी शिरणार तिथे. ऑस्ट्रिया-स्लोव्हाकियात युरो चालतो, प्रागला कोरुना, बुडापेस्टला फोरिंट. बुडापेस्टचा मुक्काम सोमवारी पडत असेल तर सरकवा, राष्ट्रीय संग्रहालय आणि किल्ल्यातली नॅशनल गॅलरी दोन्ही बंद असतात. आणि तिथून बेलग्रेडला जाऊन यायचा मोह झाला तर आधी पासपोर्ट उघडा. सर्बिया शेंगेनच्या बाहेर आहे. व्हिसावर एकाच प्रवेशाची परवानगी असेल तर तिकडून परत हंगेरीत शिरता येणार नाही.