आठ नको, सहा घ्या

होटगी रोडवरनं पहाटे चारला गाडी काढली की भिगवणजवळ उजनीच्या पाण्यावर उजाडतं, आणि आठच्या आत पुण्यात गोल्फ कोर्सवर पोचतो. महिन्यातनं एकदा, फार तर दोनदा. बाकीचे दिवस टॉवेलचा कारखाना, ऑर्डरी, सूत. त्यामुळे त्या एका दिवसातला एकेक शॉट मला नंतर महिनाभर आठवत राहतो, आणि सगळ्यात जास्त आठवतात ते पार थ्री, म्हणजे तीन शॉटांत बॉल खड्ड्यात घालायचा असतो ते छोटे होल. पार फोर, पार फाइव्हवर ड्राइव्ह (पहिला लांब शॉट) वाकडा गेला तरी पुढच्या शॉटला सावरता येतं, पार थ्रीला मात्र टीवर (होल जिथून सुरू होतो तिथे) उभं राहून तुम्ही बॅगेतनं कुठली काठी (क्लब) काढता तिथेच अर्धा होल ठरून जातो असं माझं आता पक्कं मत झालंय. हे मत कसं झालं ते लिहितो, कारण सोलापुरातले दोन-तीन मित्र नुकतेच खेळायला लागलेत आणि सगळे तीच चूक करतायत जी मी चार वर्षं केली.

मागच्याच्या मागच्या डिसेंबरची गोष्ट. चांगलीच थंडी होती, गवतावर दव. होल असा की टीपासून ग्रीनच्या (खड्डा असतो त्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) पुढच्या कडेपर्यंत १३४ यार्ड, आणि त्या कडेला लागूनच पाणी. ग्रीनचा मध्य १४७, मागची कड १६०. पिन (खड्ड्यातला झेंडा) त्या दिवशी एकदम पुढे, १४० वर. मी अंतर मोजायचा रेंजफाइंडर लावला, १४० आलं, आणि बॅगेतनं आठ नंबर काढला (नंबर जितका लहान तितकी काठी लांब मारते). का, तर माझा आठ १४० जातो. निदान मी तसं सगळ्यांना सांगायचो. माझ्यासोबत बॅग वाहायला जे कॅडी होते, त्यांना सगळे मामाच म्हणतात, तीस-पस्तीस वर्षं त्याच कोर्सवर काढलेला माणूस, ते हळूच म्हणाले, "साहेब, आठ नको, सहा घ्या." मी म्हटलं, "मामा, सहा तर पार मागे जाईल की." ते काही बोलले नाहीत. बॉल चांगला लागला होता, अगदी पिनच्या रेषेत गेला आणि कडेच्या पाच-सहा यार्ड अलीकडे पाण्यात पडला. एक पेनल्टी, ड्रॉप झोनमधून (त्यासाठी आखलेल्या जागेवरून) पुन्हा, आणि कार्डावर सहा.

त्या वेळी वाटलं नशीब वाईट. परतीच्या रस्त्यात टेंभुर्णीला चहाला थांबलो तेव्हा मात्र एक गोष्ट डोक्यात घुसली, की माझा आठ १४० जातो हे मला कोणी सांगितलं? मी कधी मोजलंय का? कधीतरी सरावाच्या रेंजवर एक झकास बॉल लागला होता, तो १४० च्या पाटीपाशी पडला, आणि तेव्हापासनं तो माझा आकडा झाला.

मग मोजायचं ठरवलं. आमच्या चुलत्यांचं रान आहे मोहोळकडे. ज्वारी निघाल्यावर मार्चमध्ये नांगरट होते, आणि नांगरलेल्या काळ्या रानाची एक गंमत आहे, बॉल जिथे पडतो तिथेच रुततो, पुढे घरंगळत नाही. पार थ्रीला हाच आकडा लागतो, बॉल हवेतनं किती गेला तो, ज्याला कॅरी म्हणतात. पाणी आणि बंकर (वाळूचे खड्डे) ओलांडायला घरंगळलेले यार्ड काही कामाचे नाहीत. पुतण्याला घेऊन टेप लावला, १०० यार्ड म्हणजे साडेएक्याण्णव मीटरला थोडं कमी, तिथे पहिला खुंट रोवला, तिथून पुढे दर दहा यार्डाला एक, आणि प्रत्येक खुंटाला कारखान्यातल्या टॉवेलची रंगीत पट्टी बांधली. बॉल नारिंगी घेतले कारण ढेकळांत पांढरा बॉल सापडता सापडत नाही. सकाळी साडेसहाला सुरू करून ऊन चढायच्या आत आवरायचं. प्रत्येक काठीचे दहा बॉल, आणि वाईट लागला म्हणून एकही वगळायचा नाही हा नियम.

सातचे दहा असे पडले: दोन १५० च्या आसपास, सहा १३६ ते १४१ च्या मधे, एक १३१, एक १२०. सरासरी १३८. मी लोकांना माझा सात दीडशे सांगत होतो. आठची सरासरी १२८, आणि दहातला फक्त एक १४० ला गेला. सहाची १४८.

आता तो डिसेंबरचा होल पुन्हा बघा. आठ काढला तेव्हा मी अशा बॉलवर भरवसा ठेवला होता जो मला दहातनं एकदा लागतो, आणि तो लागला असता तरी जेमतेम पिनपाशी. सातला सरासरीत पाणी चार यार्डांनी पार होतं, म्हणजे जरा कमी लागला की गेला. सहाची सरासरी पडते बरोबर ग्रीनच्या मध्यात. माझा सगळ्यात लांब गेलेला सहा मागच्या कडेला पडतो, आणि थोडा कमी लागलेला सहाही पाण्याच्या पलीकडे राहतो. अगदीच फसलेला पाण्यात जाईल, त्याला इलाज नाही. मामांनी टेप न लावता, माझे आधीच्या होलवरचे दोन-चार शॉट बघून हे सांगितलं होतं. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

म्हणून माझी पद्धत आता अशी झालीय की पिनकडे शेवटी बघायचं. आधी पुढची कड किती, मागची कड किती, मध्य किती. बऱ्याच कोर्सवर झेंड्याच्या रंगावरनं पिन पुढे आहे, मधे आहे की मागे ते कळतं, लाल पुढे, पांढरा मधे, निळा मागे, पण मी तरी तो रंग बघून मोहात पडत नाही. ग्रीन २६ यार्ड खोल असेल तर पुढच्या आणि मागच्या पिनमध्ये दोन काठ्यांचा फरक पडतो. मध्यासाठी काठी घ्यायची, मग पिन कुठेही असो दोन पटमध्ये (पट म्हणजे ग्रीनवर बॉल घरंगळवायचा हलका शॉट) काम होतं. आपल्यासारखे हौशी खेळाडू ग्रीनच्या मागे फारसे जातच नाहीत, अलीकडेच पडतात, आणि कोर्स बांधणारेही पाणी, बंकर बहुतेक वेळा पुढेच घालतात.

कोणाला हे भित्रेपणाचं वाटत असेल तर अमेरिकेतल्या ऑगस्टाचा, जिथे मास्टर्स स्पर्धा होते तिथला, बारावा होल आठवा. १५५ यार्ड फक्त, पुढे ओढा, आणि ग्रीन इतकं अरुंद की वारा जरा फिरला की बॉल पाण्यात. २०१६ ला जॉर्डन स्पीथ पाच शॉटने पुढे असताना शेवटच्या नऊ होलवर आला आणि या एका होलवर सात घेऊन बसला. २०१९ ला शेवटच्या दिवशी पिन उजवीकडे होती. पुढच्या ग्रुपमधले केप्का आणि पोल्टर दोघेही पाण्यात, मग मोलिनारी पाण्यात, फिनाउ पाण्यात. टायगर वुड्स तेव्हा मोलिनारीच्या दोन शॉट मागे होता. त्याने पिनकडे ढुंकूनही न बघता डावीकडे, ग्रीनच्या रुंद बाजूला बॉल टाकला, दोन पट मारून तीनमध्ये होल संपवला, आणि मोलिनारीला पाच लागल्यामुळे बरोबरीत आला. पुढे पाचवं मास्टर्स त्याने जिंकलं. तो शॉट कोणी टाळ्या वाजवावा असा नव्हता, पण मी त्या रात्री टीव्हीसमोर जागा होतो आणि माझ्यासाठी तो त्या चार दिवसांतला सगळ्यात सुंदर शॉट होता. पुढच्याच मास्टर्सला, २०२० मध्ये, त्याच टायगरने त्याच होलवर दहा घेतले, त्यामुळे तो होल कोणाचाच नाही हेही खरं.

आता हवेचं. मी सोलापुरात मार्च-एप्रिलमध्ये मोजलेले आकडे डिसेंबरच्या पुण्यात जसेच्या तसे चालत नाहीत. गरम हवा विरळ असते, बॉल जास्त जातो, थंडीत कमी. पंधरा-सोळा डिग्रीचा फरक असेल तर मधल्या नंबरच्या आयर्नला (लोखंडी काठीला) तीन-चार यार्ड धरावेत, आणि वर आपलं अंगही आखडलेलं असतं ते वेगळं. पावसाळी दमट हवा जड असते म्हणून बॉल कमी जातो असं सगळे म्हणतात ते मात्र बरोबर नाही, पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, फरक पडतो तो ओल्या बॉलमुळे, ओल्या ग्रिपमुळे. त्यासाठी चांगला टॉवेल ठेवा, आणि सोलापूरकराने बाहेरचा टॉवेल बॅगेला लटकवलेला मला बघवत नाही.

वाऱ्याचा हिशोब दोन्ही बाजूंनी सारखा नसतो हे मला खूप उशिरा कळलं. समोरचा वारा जितके यार्ड खातो, तितके पाठचा देत नाही, साधारण निम्मेच देतो. आणि समोर वारा असला की जोरात मारायचं नाही. जोरात मारलं की बॉलला फिरकी जास्त बसते, तो वर चढतो आणि तिथेच थांबतो. एक-दोन नंबर लांब मारणारी काठी, ती थोडी खाली धरून, आणि निवांत स्विंग. गवत उडवून बघतात ते ठीक, पण बॉल जातो झाडांच्या वरनं, तिथला वारा शेंड्यांकडे बघूनच कळतो. चढ-उताराला माझा हिशोब सोपा आहे, ग्रीन जितके यार्ड खाली तितके वजा, जितके वर तितके अधिक.

टीवर पण सगळे घाईत असतात. खुणांच्या मधोमध उभं राहायलाच पाहिजे असं काही नाही, खुणांच्या मागे दोन काठ्यांच्या लांबीइतकी जागा तुमची असते. दोन नंबरच्या मधला आकडा आला तर मी एक पाऊल मागे जातो आणि लांब मारणारी काठी घेतो. आयर्न असला तरी टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) लावायचाच, गवताच्या जेमतेम वर. फुकटचा चांगला लाय (बॉल बसण्याची जागा) मिळतोय तो का सोडायचा?

आणि मॅच असेल तर दुसऱ्याला "काय मारलंस?" विचारायचं नाही. कॅडीला किंवा जोडीदाराला विचारता येतं, प्रतिस्पर्ध्याला विचारलं तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण शॉट मोजतात त्या खेळात) दोन शॉटची पेनल्टी. त्याच्या बॅगेत डोकावून बघायला हरकत नाही, पण बॅगेवरचा टॉवेल बाजूला सारून बघितलं तर तीही पेनल्टीच. तसंही त्याचा सात आणि तुमचा सात वेगळा. आजकालच्या सातचा कोन जुन्या सहाइतका, काही सेटमध्ये तर पाचइतका उभा असतो, नंबरावर काय जाताय.

फेब्रुवारीत पुन्हा त्याच होलवर गेलो. मामाच होते. पिन पुन्हा पुढे, यावेळी १३९. मी काही न विचारता सहा काढला. बॉल पिनच्या मागे आठ-नऊ यार्डांवर थांबला. मामा म्हणाले, "आता उताराचा पट आहे साहेब, नुसता सोडून द्या." पहिला पट दीड फूट पुढे गेला, दुसरा आत. तीन.

माझं अजून अडतंय ते १८५ च्या लांब पार थ्रीवर. तिथे माझा चार नंबरचा हायब्रीड (लांब शॉटची काठी) लागतो आणि त्याचे दहा बॉल मी मोजलेलेच नाहीत, कारण त्या दिवशी ऊन चढलं होतं आणि पुतण्याची परीक्षा होती. तोवर तिथे पाच नंबरने ग्रीनच्या अलीकडे, बंकर टाळून टाकतो आणि चिप (जवळून छोटा शॉट) करतो, चार लागतात, कधी तीनही होतात. चुलत्यांना सांगून ठेवलंय, यंदा मार्चमध्ये नांगरट झाली की फोन करा.