सत्तावीस की अठ्ठावीस?

२६ जून २०१९, पहाटेचे तीन. पुण्यातल्या आमच्या नाइट डेस्कवर अमेरिकेतले बेसबॉल सामने चेंडूगणिक नोंदवले जातात. त्या पहाटे न्यूयॉर्क यांकीज विरुद्ध टोरांटो ब्लू जेज होता. आपल्या घड्याळात ४:३५ ला सुरू, तिकडे अजून २५ तारखेची संध्याकाळ. यांकीजच्या कुणीही एक होमरन (बेसबॉलमधला षटकार, फलंदाज चारही बेस फिरून घरी येतो) मारला की सलग २८ सामन्यांत होमरन, म्हणजे टेक्सास रेंजर्सचा २००२ चा २७ सामन्यांचा विक्रम मोडणार. अशा वेळी टिकरचा, म्हणजे पडद्यावर धावणाऱ्या बातमीपट्टीचा, मजकूर आधीच लिहून ठेवतात, फक्त आकडा आणि नाव भरायचं बाकी असतं. आकडा क्वेरीतून, म्हणजे आमच्या नोंदींच्या डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातून, येतो. आणि आमची क्वेरी म्हणत होती, आत्तापर्यंत २६.

शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "अरे, काल तर बरोबरी झाली म्हणून सगळीकडे छापून आलंय. आपलं सव्वीस कसं?"

बाहेर छापून आलेला आकडा बघून आपला बदलायचा नाही, हा डेस्कचा नियम. चूक कुठे आहे ते सापडलं पाहिजे. नाहीतर आज ठोकून बसवलेला आकडा उद्या परत एकाने मागे पडतो. म्हणून मालिका सुरू झाली त्या २६ मेपासूनचे स्कोअरकार्ड एकेक उघडून हाताने मोजायला घेतले. गडबड ११ जूनला सापडली. १० जूनचा मेट्सविरुद्धचा (न्यूयॉर्कचाच दुसरा संघ) सामना पावसाने गेला होता आणि दुसऱ्या दिवशी यांकीजच्या मैदानावर डबलहेडर, म्हणजे एकाच दिवशी दोन सामने, झाला. पहिला यांकीजने १२-५ असा जिंकला, दुसरा ४-१० असा हरले. होमरन दोन्हींत होते. क्वेरी मात्र सामने मोजत नव्हती, तारखा मोजत होती. दोन सामने, तारीख एक, म्हणून एक आकडा गायब.

यावर पहिला उपाय सुचतो तो फसवा आहे. दोन्ही सामन्यांच्या वेळा वेगळ्या आहेत, मग भारतीय तारीख लावली की झालं, असं वाटतं. दुपारचा सामना आपल्या ११ तारखेच्या रात्री येतो, संध्याकाळचा १२ च्या पहाटे, दोघे सुटे होतात खरे. पण मग दुसरीकडे जोडी जुळते. शनिवारी रात्रीचा सामना आपल्याकडे रविवारी पहाटे आणि त्यांचा रविवार दुपारचा सामना आपल्याकडे रविवारी रात्री, म्हणजे वेगवेगळ्या दिवशीचे दोन सामने एकाच तारखेत. बेसबॉलमध्ये संघ जवळजवळ रोज खेळतात, त्यामुळे हे दर आठवड्याला होतं. खरा इलाज एकच, सामन्याच्या क्रमांकावर मोजायचं. क्रमांकात यजमान संघ, स्थानिक तारीख आणि शेवटी एक अंक असतो: एकटा सामना ०, डबलहेडरचा पहिला १, दुसरा २. तो अंक वापरल्यावर क्वेरीने २७ दिले. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

तोवर आणखी एक गोष्ट तपासून घेतली. २०१९ च्या नियमाप्रमाणे पाच डाव होण्याआधी पावसाने सामना थांबवून रद्द केला तर त्यातले होमरन नोंदीतून पुसले जायचे. मालिका तुटत नाही, वाढतही नाही, तो सामना झालाच नाही असं धरायचं. अर्धवट राहून नंतर पूर्ण केलेला सामना मात्र मूळ तारखेला चिकटतो, म्हणजे आज मारलेला होमरन मागच्या महिन्यातला धरला जाऊ शकतो. आणि कुंपणाच्या आतच चेंडू फिरत राहिला आणि फलंदाज चारही बेस पळाला, तरी तो होमरनच. हा प्रकार इतका क्वचित होतो की "कुंपणाबाहेर" असा फिल्टर लावून कुणीतरी तो हमखास वगळतं.

एका खेळाडूच्या सलग हिटच्या (चेंडू मारून बेस गाठण्याच्या) मालिकेला नियमपुस्तकात सवलत आहे. त्याच्या सगळ्या फलंदाजी वॉक (चार बाहेरच्या चेंडूंमुळे फुकट मिळालेला पहिला बेस), अंगावर बसलेला चेंडू किंवा बलिदान-बंट (साथीदाराला पुढे सरकवायला चेंडू हलकाच टेकवून स्वतः बाद होणं) अशाच संपल्या, तर मालिका जिवंत राहते. संघाच्या होमरन मालिकेला तसली दयामाया नाही.

सामना सुरू झाला. टोरांटोचा पहिला अर्धा डाव संपला, यांकीजचा पहिलाच फलंदाज डीजे लमेह्यू. समोर टोरांटोचा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, क्लेटन रिचर्ड. चेंडू कुंपणापार. लगेच पुढच्या फलंदाजाने, ॲरन जजने, दुसरा. ज्यासाठी दीड तास डोकं फोडलं ते खेळ सुरू झाल्यावर काही मिनिटांत उरकलं.

तरी टिकर लगेच सोडत नाहीत. प्रेक्षकांचा जल्लोष ही नोंद नव्हे. अंपायरने हवेत बोट गोल फिरवलं की होमरन, तोवर एन्ट्री "प्रलंबित" ठेवायची. प्रेक्षकाने कठड्यावरून हात घातला, चेंडू भिंतीच्या वरच्या कडेला लागून आत आला, फाउल पोलच्या (मैदानाची कड दाखवणाऱ्या खांबाच्या) नेमक्या कुठल्या बाजूने गेला, अशा शंका असतील तर न्यूयॉर्कमधल्या रिप्ले केंद्रातून निकाल येईपर्यंत थांबावं लागतं. घाईने सोडलेला "विक्रम मोडला" परत घेणं फार लाजिरवाणं असतं. त्या पहाटे कुठलीच शंका नव्हती.

त्याच सामन्यात यांकीजच्या जियानकार्लो स्टॅन्टनचा गुडघा दुखावला. या मालिकेची गंमत इथेच आहे. जज २० एप्रिलपासून २१ जूनपर्यंत बाहेर होता, स्टॅन्टन जूनच्या मध्यावर परतला आणि आठवड्यात पुन्हा गेला. मोठी दोन नावं नसतानाच बहुतेक मालिका झाली. त्या मोसमात यांकीजच्या १४ जणांनी दहा किंवा जास्त होमरन मारले. मालिका टिकायला एक राक्षस नको, नऊच्या नऊ जागांवर थोडीथोडी शक्यता हवी. राक्षसाला वॉक देऊन पुढे पाठवता येतं, सगळ्या फळीला देता येत नाही.

आता माझं मत, आकड्यांसकट. यांकीजने २०१९ मध्ये १६२ सामन्यांत ३०६ होमरन मारले, सामन्याला १.८९. होमरन एकमेकांशी संबंध न ठेवता पडतात असं ढोबळ धरलं, तर शून्य होमरनचा दिवस साधारण १५ टक्के. यांकीजची मालिका शेवटी ३१ वर थांबली; या हिशेबाने मोसमात कुठेतरी ३१ ची मालिका लागण्याची शक्यता आठात एक येते. टेक्सासचे २००२ मध्ये २३० होमरन, सामन्याला १.४२. शून्याचा दिवस २४ टक्के आणि २७ ची मालिका लागायची शक्यता पन्नासात एक. पिचर, मैदान, वारा यांचा फरक यात धरलेला नाही, पण अंतर इतकं आहे की माझ्या लेखी टेक्सासची कामगिरी जास्त अवघड. तो संघ त्या वर्षी ७२ जिंकून ९० हरला आणि आपल्या गटात तळाला राहिला. षटकार भरपूर, सामने हातचे गेलेले. आपल्याकडे असे संघ काय कमी बघितलेत.

काळाचाही फरक आहे. २००२ मध्ये सगळ्या लीगमध्ये मिळून ५,०५९ होमरन झाले, २०१९ मध्ये ६,७७६. त्या डिसेंबरमध्ये शास्त्रज्ञांच्या समितीने सांगितलं की आधीच्या मोसमापेक्षा झालेल्या वाढीतला साधारण ६० टक्के वाटा चेंडूला हवेचा विरोध कमी झाल्याचा, उरलेला फलंदाजांनी चेंडू उचलण्याच्या पद्धतीचा. यांकीजचे ३०६ सुद्धा त्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावर राहिले, मिनेसोटा ट्विन्सचे ३०७ झाले.

क्वेरी दुरुस्त झाली होती म्हणून पुढचा आठवडा सुरळीत गेला. २९ आणि ३० जूनचे दोन सामने लंडनमध्ये, बॉस्टनविरुद्ध. तिथे तारखेचा तिसराच हिशेब होता, पण क्रमांकावर मोजत असल्याने काही बिघडलं नाही. पहिला सामना १७-१३, पहिल्याच डावात दोन्हीकडे सहा-सहा धावा. मधल्या कुंपणाचं अंतर ३८५ फूटच, यांकीजच्या घरच्या मैदानावर ते ४०८ आहे. मालिका ३१ वर पोचली, त्यात एकूण ५७ होमरन.

३ जुलैच्या पहाटे मेट्सच्या घरच्या मैदानावर, सिटी फील्डवर, त्यांच्याकडून झॅक व्हीलरने पिचिंगची सुरुवात केली. यांकीज २-४ हरले, होमरन नाही. मालिका सुरू असताना टिकर पहिल्या डावातही सुटू शकतो. तुटल्याचा टिकर मात्र शेवटचा फलंदाज बाद होऊन सामन्याची स्थिती "अंतिम" होईपर्यंत दाबून ठेवायचा असतो. शून्याची एन्ट्री कुणी करत नाही. "अंतिम" चं बटण दाबलं, क्वेरी चालवली, आणि तिथे ३१ च्या जागी ० आलं.