साडेचार तास आणि चाळीस सेकंद

गुरुवार, रात्री

रविवारी गोल्फचं मंथली मेडल, म्हणजे सगळे फटके मोजायची महिन्याची स्पर्धा. आज क्लबला (काठीला) हात लावायचा नाही, फक्त हिशेब.

चौघांच्या गटाला 18 होल खेळायला मुंबईत सव्वाचार-साडेचार तास लागतातच. नियमांत एका फटक्यासाठी सुचवलेली वेळ 40 सेकंद. 85 फटके मारणाऱ्याने प्रत्येक वेळी ही पूर्ण वेळ घेतली तरी बेरीज तासाच्या आत बसते. उरलेले साडेतीन तास चालणं, थांबणं, दुसऱ्याचा चेंडू शोधणं, पाणी पिणं. ‘राउंडभर एकाग्र राहा’ असं सांगणाऱ्याने हे गणित कधी मांडलेलं नसतं. साडेचार तास एकाग्र कोणीच राहत नाही. जो हट्टाने राहायला जातो तो तेराव्या-चौदाव्या होलपर्यंत रिकामा होतो आणि तिथून पुढे तीन फुटांचे पट (होलजवळ चेंडू घरंगळवायचे फटके) सुटायला लागतात. म्हणजे लक्ष 85 वेळा लावायचं आणि 85 वेळा सोडायचं. त्यातलं सोडणं अवघड, आणि रेंजवर (सरावाच्या मैदानात) त्याचा सराव करताना कोणी दिसत नाही.

लावण्या-सोडण्यासाठी शरीराची एखादी खूण लागते, मनातल्या मनात ठरवून भागत नाही. सगळ्यात सोयीची खूण म्हणजे ग्लोव्हची पट्टी. पट्टी लावली की काम सुरू, शॉट झाल्यावर काढली की काम बंद. ग्लोव्हही तेवढाच वाळतो.

पट्टी लागल्यावरचा क्रम असा. चेंडूच्या मागे उभं राहून आधी लाय (चेंडू कसा पडलाय ते) पाहायचा, मग अंतर, मग वारा. याच क्रमाने, कारण चेंडू गवतात रुतलेला असेल तर 165 यार्ड हा आकडा ऐकून काही उपयोग नाही. लक्ष्य बारीक निवडायचं. ‘फेअरवे’ (कापलेल्या गवताची मधली वाट) हे लक्ष्य नव्हे, बंकरच्या (वाळूच्या खड्ड्याच्या) डाव्या कडेमागचं नारळाचं झाड हे लक्ष्य. क्लब हातात आला की निर्णय बंद. एक प्रॅक्टिस स्विंग, एक लांब श्वास बाहेर, आणि स्टान्स घेतल्यापासून (चेंडूपाशी पाय रोवल्यापासून) आठ-दहा सेकंदांत शॉट. त्याहून जास्त वेळ खाली वाकून उभं राहिलं की डोकं कोपर, मनगट, खांदा अशी हजेरी घ्यायला लागतं. मुरलेल्या खेळाडूने स्वतःच्या हालचालीवर पहारा ठेवला की ती बिघडते, हे पटिंगवरच्या प्रयोगांतही दिसलं आहे. नवशिक्याला तोच पहारा उपयोगी पडतो. म्हणून रेंजवर कोचने दिलेली सूचना मेडलच्या दिवशी घरी ठेवलेली बरी.

स्टान्समध्ये शंका आली (क्लब कमी पडेल का, वारा फिरला का) तर मागे यायचं. सगळा क्रम पुन्हा. लाज वाटते, मागे लोक उभे असतात, पण अर्ध्या मनाने मारलेला सेव्हन आयर्न (आयर्नचा आकडा जितका लहान तितका चेंडू लांब) त्याहून महाग पडतो.

शुक्रवार

चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबवर ऑक्टोबरमध्ये सकाळी साडेसातलाच शर्ट पाठीला चिकटतो. या दमटपणाचा मनाशी थेट संबंध आहे, आणि इथल्या खेळाडूंचं त्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं असं माझं मत.

ग्लोव्ह ओला झाला की क्लब सटकेल म्हणून हात आपोआप आवळतो. पकडीला एक ते दहा असे आकडे दिले तर चार-पाचवर असायला हवी ती आठवर जाते. पकड आवळली की कोपरापासून मनगटापर्यंतचा हात कडक, मनगट उशिरा वळतं, क्लबचं तोंड उघडं राहतं आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे झाडांत. मग खेळाडू म्हणतो, आज दडपण आलंय. दडपण नंतर येतं. आधी घाम येतो. उपाय मनाचा नाही, सामानाचा आहे: तीन ग्लोव्ह, दर तीन होलना बदलायचे, काढलेला बॅगच्या बाहेर लटकवायचा (खिशात कोंबायचा नाही). दोन टॉवेल, एक फक्त ग्रिपसाठी आणि तो कोरडाच ठेवायचा. पावसाळ्यात रेन ग्लोव्ह. तो भिजल्यावर जास्त घट्ट धरतो.

पाण्याचंही तेच. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही. दर होलला चार-पाच घोट, आणि नुसतं पाणी नको. मीठ घातलेलं लिंबू सरबत किंवा एक लिटरला एक पाकीट या मापाने ओआरएस. खाणं चौथ्या, आठव्या, बाराव्या होलनंतर थोडं थोडं: अर्धं केळं, दोन खजूर, चिक्कीचा तुकडा. नवव्या होलनंतर हाफवे हाउसला बटाटावडा आणि गोड चहा घेतला की दहाव्या-अकराव्याला अंग जड होतं. पंधराव्या होलनंतरची चिडचिड पुष्कळदा स्वभावाची नसून रिकाम्या पोटाची असते.

वाऱ्याचं एक टिपून ठेवायला हवं. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून येतो आणि दुपारच्या सुमारास फिरून समुद्राकडून सुरू होतो. कुलाब्याच्या यूएस (युनायटेड सर्व्हिसेस) क्लबवर, अगदी पाण्याला लागून, हा बदल एका राउंडमध्ये जाणवतो. पहिल्या नऊमध्ये एट आयर्नने पोचणारा शॉट नंतर सिक्स आयर्न मागतो. हे माहीत नसलं की माणूस स्विंगमध्ये खोट शोधत बसतो.

शनिवार, दुपारी

अपेक्षांबद्दल. मेडलच्या दिवशी चिडण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे हँडिकॅपचा (खेळाडूला मिळणाऱ्या सवलतीच्या फटक्यांचा) चुकीचा अर्थ. लोकांना वाटतं 18 हँडिकॅप म्हणजे आपला सरासरी खेळ पारपेक्षा (मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा) 18 जास्त. जागतिक हँडिकॅप पद्धतीत शेवटच्या 20 राउंडमधले सर्वोत्तम 8 घेऊन सरासरी काढतात. बाकीचे 12 वाईट दिवस त्यात धरलेलेच नाहीत! म्हणजे हँडिकॅप आपल्या बऱ्या दिवसांचा आकडा आहे, रोजचा खेळ त्याहून दोन-चार फटके वरच असणार. ‘आज हँडिकॅपला खेळलो नाही’ हे बहुतेक राउंडना खरं असतं, त्यात अपयश कसलं.

त्यावरून निघणारं काम: आज रात्री कार्डावर स्वतःचा पार लिहायचा. 18 हँडिकॅपवाल्याला प्रत्येक होलला एक फटका मिळतो, तेव्हा पार-4 त्याच्यासाठी 5. तिसरा शॉट ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) आणि दोन पट, एवढंच मागायचं. लांब पार-4 वर दुसऱ्या शॉटला थ्री-वुडने (लांब मारायच्या क्लबने) पाण्यावरून उडवायची गरजच उरत नाही.

मेडल आणि स्टेबलफोर्ड (दर होलला गुण मिळणारी पद्धत) यांत मनाचा फरक आहे, तोही आधी ओळखलेला बरा. स्टेबलफोर्डमध्ये गुण मिळणं संपलं की चेंडू उचलायचा, शून्य, पुढे चला. मेडलमध्ये होल पूर्ण करावाच लागतो. नऊ होवोत, अकरा होवोत. तिथे वाईट शॉटपेक्षा त्याच्या पाठचा रागातला शॉट जास्त नुकसान करतो.

फ्रेंच गोल्फर झां व्हॅन डी व्हेल्ड याचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धवट. 1999 ची ब्रिटिश ओपन, स्कॉटलंडमधलं कार्नूस्टी, शेवटचा होल पार-4, तीन फटक्यांची आघाडी. सहामध्ये संपवलं असतं तरी जिंकला असता. सात झाले आणि प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. त्याला घाबरट म्हणतात ते मला पटत नाही. ड्रायव्हर (सर्वांत लांब मारणारा क्लब) घेतला तेव्हा, आणि रफमधून (उंच गवतातून) टू आयर्नने ग्रीन गाठायला गेला तेव्हाही, तो घाबरलेला दिसत नाही. उलट फार मोकळा दिसतो. हिशेब सुटला होता. वेजने (जवळच्या अंतराच्या क्लबने) चेंडू पाण्याअलीकडे आणून ठेवला असता तर पुरे होतं. शांत माणूसही चुकीचा क्लब घेऊ शकतो, म्हणून कठीण होलवर काय करायचं ते आदल्या दिवशी लिहिलेलं असावं.

उलट बाजूचं उदाहरण 2025 च्या मास्टर्सचं. रोरी मॅकलरॉयने शेवटच्या दिवशी पहिल्याच होलवर डबल बोगी (पारपेक्षा दोन फटके जास्त) केली, दोन फटक्यांची आघाडी तिथेच गेली. पूर्ण स्पर्धेत त्याच्या चार डबल बोगी आहेत. तरीही प्लेऑफमध्ये जस्टिन रोझला हरवून तो जिंकला.

झाडीत गेल्यावर लागणारे नियम तोंडपाठ हवेत. नियम आठवत उभं राहण्यात डोकं तापतं. चेंडू सापडेल की नाही शंका असली तर पुढे जाण्याआधी ‘प्रोव्हिजनल (तात्पुरता दुसरा चेंडू) मारतोय’ असं स्पष्ट म्हणायचं. ते म्हटलं नाही तर दुसरा चेंडूच खेळातला ठरतो. शोधायला तीन मिनिटं. सापडला पण मारता येत नाही, तर एका पेनल्टी फटक्यात तीन वाटा: आधीच्या जागेवरून पुन्हा, होल आणि चेंडू यांच्या रेषेत मागे, किंवा होलच्या जवळ न जाता दोन क्लबांच्या अंतरात बाजूला. दोन झाडांमधल्या फटीतून ग्रीन दिसली तरी आधी फेअरवेकडे पाहायचं. कावळ्याने चेंडू नेला तर दंड नाही, अंदाजे जागेवर दुसरा ठेवायचा, पण नेताना कोणीतरी पाहिलेलं हवं किंवा तशी जवळपास खात्री हवी. नुसता संशय चालत नाही.

मार्करशी (आपला स्कोअर लिहिणाऱ्या सोबत्याशी) नियमावरून मतभेद झाला की वाद घालायचा नाही. स्ट्रोक प्लेमध्ये (मेडलसारख्या फटके मोजायच्या खेळात) दोन चेंडू खेळायची सोय आहे: खेळण्याआधी तसं सांगायचं, कोणता मोजावा तेही सांगायचं, आणि कार्ड देण्याआधी कमिटीला कळवायचं. दोन्ही चेंडूंचा स्कोअर सारखा आला तरी कळवावंच लागतं, नाहीतर बाद. दोन मिनिटांत विषय संपतो आणि पुढच्या टीवर (होलचा पहिला फटका मारायच्या जागी) जिभेवर कडवटपणा राहत नाही.

शनिवार, रात्री

सकाळचं वेळापत्रक. टी-टाइम 7:12. पाच मिनिटांपर्यंत उशीर झाला तर दोन फटके दंड, त्याहून जास्त झाला तर बाद. दादर-ठाण्याहून रविवारी रस्ता मोकळा असतो हे खरं, पण मॅरेथॉन किंवा मेट्रोच्या कामाने वळवलेला रस्ता याची चौकशी आजच. क्लबवर तासभर आधी.

दहा मिनिटं अंग मोकळं करणं. वीस-पंचवीस चेंडू, वेजपासून वर. शेवटचा चेंडू पहिल्या टीवर जो क्लब घेणार त्यानेच. तो ड्रायव्हर असलाच पाहिजे असं नाही. दहापैकी सात वेळा फेअरवेवर ठेवणारा क्लब, मग तो हायब्रिड का असेना. व्हरांड्यात चहा पिणारे सभासद पाहत असतात, त्यांच्यासाठी खेळायचं नाही. मग पंधरा मिनिटं पटिंग: आधी लांबचे, फक्त वेगासाठी, होलकडे न मारता, शेवटी दोन-तीन फुटांचे, कानाला आवाज ऐकू येईपर्यंत डोकं वर न करता. जोन व्हिकर्स यांच्या संशोधनातलं ‘क्वाएट आय’ हेच: चांगले पट मारणारे खेळाडू फटक्याआधी दोन-तीन सेकंद नजर चेंडूवर रोवतात आणि चेंडू गेल्यावरही क्षणभर तिथेच ठेवतात.

श्वास चार मोजून आत, सहा मोजून बाहेर, तीन वेळा. बाहेरचा लांब हवा, त्याने ठोके उतरतात. हे चालताना करायचं. चेंडूपाशी उभं राहून श्वास मोजला की तीही आणखी एक सूचना होते. कानात गाणी लावून मन गुंतवणं मात्र नियमात बसत नाही.

कॅडीशी (बॅग वाहणाऱ्या मदतनिसाशी) पहिल्या टीआधीच बोलून घ्यायचं. “दादा, यार्डेज सांगा आणि कुठे मारायचं ते सांगा. कुठे नको ते सांगू नका.” ‘साहेब, उजवीकडे पाणी आहे’ म्हटलं की डोळे उजवीकडेच जातात. आणि स्टान्स घ्यायला लागल्यावर त्याने मागे रेषेत उभं राहायचं नाही, त्याला दंड आहे. कॅडीलाही आठवण करून द्यावी.

पुढचा गट अडकला आणि पार-3 वर दहा मिनिटं थांबावं लागलं तर सावलीत बसायचं, स्विंग करत राहायचं नाही. ग्रीन रिकामी झाली की उठून चार पावलं चालायचं आणि क्रम सुरुवातीपासून. टोकियो ऑलिंपिकला अदिती अशोक पदकाच्या शर्यतीत असताना वादळामुळे शेवटचे काही होल बाकी ठेवून खेळ थांबला होता. ती एका फटक्याने चौथी आली. असं थांबणं आपल्याकडेही ऑक्टोबरच्या दुपारी होऊ शकतं. भोंग्याची एक लांब शिट्टी म्हणजे त्या क्षणी थांबा, हातातला पटही मारायचा नाही. लागोपाठ तीन शिट्ट्या म्हणजे होल पूर्ण करता येतो. दोन छोट्या म्हणजे पुन्हा सुरू.

शेवटचे तीन होल: बेरीज करायची नाही. करायचीच झाली तर मार्करला करू दे. पाय थकलेले असतात तेव्हा एक क्लब जास्त (लांब मारणारा). छाती धडधडत असेल तर नेहमीचाच क्लब, कारण तेव्हा चेंडू नेहमीपेक्षा पुढे जातो.

कार्ड. होलवार तपासायचं, मार्करशी एकेक आकडा मोठ्याने वाचून. बेरीज कमिटीचं काम आहे, होलचा आकडा आपलं. प्रत्यक्षापेक्षा कमी लिहिलेला आकडा सहीनिशी गेला तर बाद, जास्त लिहिलेला तसाच धरला जातो. 1968 च्या मास्टर्समध्ये रॉबर्टो डी व्हिसेन्झोच्या कार्डावर सतराव्याला तीनऐवजी चार लिहिलं गेलं, त्याने सही केली आणि प्लेऑफ हुकला.

वहीत उद्यासाठी दोनच रकाने आखले आहेत. एकात फटक्यांचा आकडा. दुसऱ्यात, चेंडूपाशी उभं राहिल्यावर निर्णय पक्का नव्हता अशा शॉट्सची संख्या. पहिला रकाना कार्डावरून भरता येईल, दुसरा ग्रीन सोडतानाच भरावा लागेल, म्हणून पेन्सिल बॅगच्या पुढच्या खिशात.